सुटी कोणाच्या पदरात?

दरवर्षी डिसेंबर सरत आला की औरंगपुऱ्यातील दुकानांच्या दारांवर नव्या वर्षाची कालनिर्णये टांगलेली दिसू लागतात, आणि ती विकत घेणारा मध्यमवर्गीय गृहस्थ पैसे देण्यापूर्वीच पहिली पाने उलटून एक हिशेब करतो. येत्या वर्षी किती सुट्या रविवारी वाया गेल्या? कोणता सण शुक्रवारी किंवा सोमवारी आला? ऑफिसातील कारकुनांपासून महाविद्यालयातील प्राध्यापकांपर्यंत सारे या हिशेबात तरबेज असतात, आणि प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही. परंतु गेल्या वर्षी हा हिशेब करीत असताना आमच्या स्टाफरूममध्ये जो प्रकार घडला, त्यामुळे या निरुपद्रवी वाटणाऱ्या विषयाकडे निराळ्या दृष्टीने पाहणे भाग पडले.

सुट्यांचे परिपत्रक फिरत होते. आम्ही कायम सेवेतील मंडळी ते वाचून समाधानाने पुढे सरकवीत होतो. शेजारच्या खुर्चीतील एक तरुण सहकारी मात्र हातात पेन्सिल घेऊन प्रत्येक तारखेसमोर बारीक आकडे लिहीत होता. सोमवारी दोन, बुधवारी तीन, शनिवारी एक. हे काय चालले आहे, असे विचारता तो म्हणाला, "सर, या वर्षी माझे किती तास बुडणार ते पाहतोय." तो तासिका तत्त्वावर शिकवतो. त्याला महिन्याचा पगार नाही. प्रत्यक्ष घेतलेल्या तासाचे मानधन तेवढे मिळते. ज्या दिवशी देश, राज्य किंवा एखादा महापुरुष आमच्यासाठी सुटी घेऊन येतो, त्या दिवशी त्याचा तास बुडतो. एकाच परिपत्रकाची एकच ओळ एका खुर्चीत मिळकत होती आणि शेजारच्या खुर्चीत खर्च. अर्थशास्त्र शिकविण्यात वीसहून अधिक वर्षे घालविलेल्या माणसाला हे तोवर सुचले नव्हते, याची लाज वाटली, हे मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्र शासन दरवर्षी पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ अन्वये चोवीसच्या आसपास सार्वजनिक सुट्या जाहीर करते. त्यांवर जिल्हाधिकाऱ्यांना आपापल्या जिल्ह्यापुरत्या तीन स्थानिक सुट्या देण्याचा अधिकार आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आहे. मात्र एखादी जयंती रविवारी आली तर तिची भरपाई सोमवारी मिळत नाही. ती सुटी गेलीच. त्यामुळे कागदावरची संख्या आणि हाती पडणारी संख्या यांत दरवर्षी अंतर राहते, आणि कारकुनाच्या त्या डिसेंबरातील हिशेबाचे मूळ इथे आहे.

दूर मेलबर्नला असलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने या विषयावर पाठविलेल्या मजकुरामुळे तुलनेला एक निराळा आधार मिळाला. ऑस्ट्रेलियात सार्वजनिक सुट्या आपल्या निम्म्याच. राज्याराज्यांत थोडा फरक धरून वर्षाकाठी दहा ते तेरा. नववर्षदिन, २६ जानेवारीचा ऑस्ट्रेलिया दिन, गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, २५ एप्रिलचा ॲन्झॅक दिन, राजाचा वाढदिवस, नाताळ व त्याचा दुसरा दिवस. राजाचा वाढदिवस म्हणजे त्याच्या जन्माची तारीख मात्र नव्हे; बहुतेक राज्ये तो जूनमधल्या दुसऱ्या सोमवारी साजरा करतात आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया व क्वीन्सलँड ही राज्ये आपल्या सोयीने आणखी पुढे ढकलतात. मेलबर्न शहराला नोव्हेंबरातील पहिल्या मंगळवारी चक्क घोड्यांच्या शर्यतीची सुटी असते. ही शर्यत १८६१ पासून चालू आहे. आपल्याकडे नाथषष्ठीला पैठणची वाट धरणारे किंवा नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत हरवून जाणारे लोक घोड्यांच्या सुटीला हसतील. परंतु गावाने आपला म्हणून एक दिवस काढून ठेवावा, ही प्रेरणा दोन्हीकडे एकच आहे.

संख्येपेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या श्रमकायद्यानुसार सार्वजनिक सुटीच्या दिवशी कामावर न येण्याचा कामगाराला हक्क आहे. मालक त्याला कामावर येण्याची विनंती करू शकतो, पण ती विनंती वाजवी असली पाहिजे, आणि कामगार सबळ कारणाने नकार देऊ शकतो. जो येतो त्याला पुष्कळशा व्यवसायांत नेहमीच्या दराच्या अडीचपट वेतन मिळते. हंगामी किंवा तासावर काम करणाऱ्यांना भरपगारी रजा व सुट्या मिळत नाहीत, म्हणून त्यांचा मूळ दरच साधारणतः २५ टक्क्यांनी अधिक धरलेला असतो. अशा हंगामी कामगारांचे प्रमाण तेथील एकूण नोकरदारांत सुमारे पाचवा हिस्सा आहे. सुटीच्या दिवशी कॉफीच्या दुकानात गेले तर फलकावर लिहिलेले असते की आज बिलावर १५ टक्के अधिभार पडेल. गिऱ्हाईक कुरकुरतो आणि देतो. म्हणजे, सुटीच्या दिवशी कोणीतरी राबतो आणि त्याची किंमत सुटी उपभोगणाऱ्याच्या खिशातून जाते. तेथे सारे आलबेल आहे, असे नव्हे. हा हंगामीपणाच वर्षानुवर्षे वाढवून ठेवला जातो, ही तिथल्या कामगार संघटनांची जुनी तक्रार आहे, आणि जादा वेतनाच्या दरांवरून मालक-कामगारांचे खटके सतत उडत असतात. पण वाद कशाविषयी आहे ते पाहावे. सुटीचे मोल कोणी द्यावे, हा प्रश्न तेथे निदान उघडपणे विचारला जातो.

आपल्याकडे तो विचारला गेला नाही असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. औरंगपुऱ्याच्या चौकात महात्मा फुल्यांचा पुतळा आहे. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि गिरणीमालकांकडून रविवारची साप्ताहिक सुटी मिळविली ती १० जून १८९० रोजी. तोवर गिरण्यांतील माणसे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत आठवड्याचे सातही दिवस राबत असत. रविवार ही साहेबाची देणगी आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती या मातीतील कामगारांनी सहा वर्षे झगडून मिळविलेली गोष्ट आहे. योगायोग असा की मेलबर्नमधील पाथरवटांनीही २१ एप्रिल १८५६ रोजी विद्यापीठाच्या बांधकामावरची हत्यारे खाली ठेवून मोर्चा काढला आणि आठ तासांचा दिवस मिळविला. तेथील कामगार दिनाची सुटी त्या लढ्याची आठवण आहे. दोन्हीकडे सुटीचा उगम राजाच्या मर्जीत नसून मजुराच्या हट्टात आहे. फरक एवढाच की त्यांचा हट्ट पुढे कायद्यात उतरत गेला आणि आपला कायद्याच्या उंबरठ्यावर थांबला.

तो उंबरठा कोणता? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सुट्या दिल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक व कामगार यांनी आपसांत ठरवायच्या. तरतूद चांगली आहे. परंतु मूळ कायदा दहा किंवा त्यांहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. आता औरंगपुरा, गुलमंडी, पैठणगेट या भागांतून एकदा चालत जावे आणि वीस माणसे कामाला असलेली दुकाने मोजावीत. एका हाताची बोटे पुरावीत. कापडाच्या दुकानातील चार पोरे, औषधांच्या दुकानातील दोघे, पुस्तकांच्या गल्लीत गठ्ठे बांधणारा एकटा, हे सारे कायद्याच्या या कलमाबाहेर आहेत. त्यांच्या वाट्याला येते ती सुटी मालकाच्या भलेपणातून येते, आणि मालक भले असतातही. पण भलेपणाची पावती मिळत नसते.

भाजीमंडईची गोष्ट आणखी वेगळी. एका सतरा सप्टेंबरला झेंडावंदन आटोपून परतताना मी नेहमीच्या भाजीवाल्या बाईंना सहज म्हटले, "मावशी, आज सुटी नाही का?" त्या मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडीत म्हणाल्या, "सुटी तुम्हाला हाय म्हणून तर आमचा धंदा हाय, सर. रोज कुटं एवढ्या येळाला गिऱ्हाईक येतं?" माझ्या सरळसोट सिद्धान्ताला त्यांनी दिलेला हा धक्का मला महत्त्वाचा वाटतो. सुटी म्हणजे नोकरदाराला विसावा व रोजंदारीच्या माणसाला नुकसान, असे सरसकट म्हणता येत नाही. विक्रेत्याला सण हा हंगाम असतो. फुलांच्या माळा, पणत्या, आकाशकंदील, रांगोळी, पोळ्याच्या मातीच्या बैलजोड्या. वर्षाची निम्मी कमाई आठ-दहा दिवसांत करणारी कुटुंबे या शहरात आहेत. जिल्हा परिषदेच्या मैदानावर भरणारा फटाक्यांचा बाजारही अशाच हंगामी विक्रेत्यांचा होता, आणि २९ ऑक्टोबर २०१६ रोजी ऐन दिवाळीत तेथे लागलेल्या आगीत तो डोळ्यांदेखत जळून गेला. आमच्या दृष्टीने तो सणाला लागलेला डाग होता. ज्यांनी उधारीवर माल उचलला होता त्यांचे अख्खे वर्ष त्या दुपारी जळाले. तेव्हा विक्रेत्याचा प्रश्न सुटीचा नसून सुरक्षित जागेचा, कर्जाचा व विम्याचा आहे. जो आपले श्रम विकतो त्याचा प्रश्न मात्र सुटीचाच आहे, आणि तासिकावाला प्राध्यापक, कंत्राटी सफाई कामगार, दुकानातला पोरगा हे सारे त्या रांगेत उभे आहेत.

आता सतरा सप्टेंबरचा विषय निघालाच आहे, तर तो पुरता बोलला पाहिजे. आपल्या या भागाला सुटीची किंमत इतरांहून अधिक कळावी, असा आपला इतिहास आहे. निजामाच्या राज्यात साप्ताहिक सुटी शुक्रवारची होती. १५ ऑगस्ट १९४७ रोजी उर्वरित देश स्वातंत्र्य साजरे करीत असताना हैदराबाद संस्थानात तिरंगा फडकविणे हा गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली. त्याआधी १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हटले म्हणून त्यांना शिक्षणाला मुकावे लागले, आणि त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठाचा आसरा घ्यावा लागला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. आमचा पंधरा ऑगस्ट तेरा महिने उशिरा आला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे त्या लढ्यातील सेनानी पुढे याच औरंगपुऱ्यातील सरस्वती भुवन संस्थेत अनेक वर्षे वावरले. त्यांना पाहिलेली माणसे अद्याप आपल्यात आहेत.

परंतु या एका तारखेला आज किती नावे आहेत ते पाहावे. आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतो आणि सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभाजवळ मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ध्वजारोहण होते. कर्नाटकाने २०१९ पासून आपल्या वाट्याच्या जिल्ह्यांना कल्याण कर्नाटक असे नाव देऊन त्याच नावाचा उत्सव सुरू केला. तेलंगणाच्या सरकारने २०२२ मध्ये त्याला राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले, सत्तांतरानंतर २०२४ मध्ये तो प्रजापालन दिन झाला. आणि केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये अधिसूचना काढून हैदराबाद मुक्ती दिन हे नाव ठरविले. तारीख एक, भूतपूर्व संस्थान एक, नावे चार. याचे कारण केवळ पक्षोपक्षांची स्पर्धा नव्हे. रझाकारांच्या अत्याचारांनी ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांना तो दिवस सुटकेचा वाटतो, आणि तो तसा होताच. पण पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यासह संस्थानाच्या काही जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर जे ओढवले, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली होती. त्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आहे, आणि तो सामान्य वाचकाला पाहता येऊ लागला तो २०१३ च्या सुमारास. औरंगपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर अशी घरे आहेत जिथे त्या सप्टेंबरची आठवण निराळ्या स्वरात सांगितली जाते. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्याने ती ऐकू नये असे काही नाही. स्वामीजींचा लढा सरंजामी राजवटीविरुद्ध होता, एखाद्या धर्माविरुद्ध नव्हता, हे म्हणण्याचा अधिकार ती आठवण ऐकणाऱ्यालाच पोहोचतो, असे माझे मत आहे.

ऑस्ट्रेलियाची २६ जानेवारी याच पेचात सापडली आहे. त्या तारखेचा आपल्याशी योगायोग विलक्षण आहे. आपण ती विचारपूर्वक निवडली: १९३० साली पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा त्या दिवशी घेतली होती, म्हणून १९५० साली राज्यघटना त्या दिवशी अमलात आणली. त्यांची २६ जानेवारी १७८८ सालची; अकरा जहाजांतून सातशेहून अधिक कैदी घेऊन आलेल्या आर्थर फिलिपने सिडनीच्या खाडीत इंग्रजांचे निशाण रोवले तो दिवस. तेथील मूळ रहिवाशांनी १९३८ मध्ये, त्या घटनेला दीडशे वर्षे झाली तेव्हा, सिडनीत सभा भरवून तो शोकदिन पाळला. आजही एकीकडे मेजवान्या चालू असतात आणि दुसरीकडे हजारो लोक मोर्चे काढून त्याला आक्रमण दिन म्हणतात. गंमत अशी की वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाचे राष्ट्र झाले ते १ जानेवारी १९०१ रोजी. पण ती तारीख आधीच नववर्षाच्या सुटीची, तेव्हा तिथे राष्ट्रदिन बसवावा तर एक सुटी कमी होते! साऱ्या देशाने २६ तारखेलाच सुटी पाळण्याची प्रथा तर १९९४ पासूनची आहे. तारीख बदलावी की नाही, याचा निकाल लागलेला नाही. दरम्यान काही मोठ्या कंपन्यांनी मधला मार्ग काढला आहे: ज्याला तो दिवस साजरा करायचा नसेल त्याने कामावर यावे आणि बदली सुटी दुसऱ्या दिवशी घ्यावी. हा मार्ग आपल्याला अगदी अपरिचित नाही. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना यादीतून दोन ऐच्छिक सुट्या निवडता येतात.

त्यांच्याकडून घेण्याजोगी गोष्ट मला दिसते ती २५ एप्रिलच्या ॲन्झॅक दिनात. १९१५ साली गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर पडलेल्या सैनिकांची (त्या रणांगणावर हिंदी पलटणीही होत्या, हे आपण विसरतो) आठवण पहाटे अंधारात उभे राहून केली जाते, आणि तेथील अनेक राज्यांत दुकाने दुपारपर्यंत कायद्यानेच बंद असतात. दुपारनंतर ज्याचा तो मोकळा. हा अर्धा दिवस मालक आणि नोकर, कायम आणि हंगामी असा भेद करीत नाही. सतरा सप्टेंबरची सकाळ आपण अशी का पाळू नये? मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत सकाळी दहापर्यंत सर्व व्यवहार बंद, सर्वांना त्या वेळेचे वेतन, आणि नंतर नेहमीचे काम. भाजीवाल्या मावशींचा धंदा दहानंतरही होईल. आणि ध्वजस्तंभाभोवती आज जी सरकारी नोकर व शाळकरी मुले तेवढी दिसतात, त्यांत दुकानातली पोरेही दिसतील.

यावर व्यापारी मंडळी नुकसानीचा प्रश्न काढतील. तो रास्त आहे, पण किंमत नसलेली सुटी आजही अस्तित्वात नाही. ती कोणीतरी भरतोच आहे. माझ्या त्या तरुण सहकाऱ्याने पेन्सिलीने केलेली बेरीज पुढे मी मागून घेतली. दिवाळीची मोठी सुटी सोडून, केवळ जाहीर सार्वजनिक सुट्यांपायी त्याचे वर्षाचे पस्तीस तास बुडत होते. आमच्यासारख्या कायम शिक्षकांच्या संघटना वेतनश्रेणी, महागाई भत्ता, निवृत्तिवेतन यांसाठी मोर्चे काढतात, आणि काढावेतच. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांचे सार्वजनिक सुट्यांचे तास भरपगारी धरावेत, निदान तासाच्या दरात त्यांची भरपाई मिळवावी, ही मागणी आमच्या निवेदनात पहिल्या पानावर का नसावी, असे मी आमच्या संघटनेच्या बैठकीत विचारले. विषयपत्रिकेवर हा विषय नसल्याचे मला सांगण्यात आले. पुढील बैठकीसाठी तो मी लेखी दिला आहे.